दोन ठिकाणची हजेरी

४ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसणार नाही. पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी नुसता 'हां हां' करत होतो. एक अक्षर कळलं नाही. फोनवर तू बोललीस की माझ्या कानात नळातून हवा आल्यासारखा आवाज येतो. म्हणून पत्र. पत्र परत परत वाचता येतं आणि वाचताना कोणी 'ऐकू येतंय ना?' असं ओरडत नाही.

खोलीला कडी नीट लागते का? गॅस असेल तर झोपताना खालून बंद कर. नसेल तर उत्तमच.

माझ्या डोक्यातला भुंगा काही जात नाही. तू आपल्या गावच्या कॉलेजात हिशेबाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. तिथल्या पटावर तुझं नाव आहे. आता सहा महिन्यांसाठी तू परगावच्या कॉलेजात जाऊन बसलीस, तेही हिशेबाला नव्हे, तर गेलेली वाचा परत आणण्याचं शिक्षण घ्यायला. म्हणजे तिथल्या पटावरही तुझं नाव. मी सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर हजेरी मांडण्यात घालवली. दोन ठिकाणी हजेरी लागलेला माणूस दोन्हीकडून जातो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. एक जोडारी, म्हणजे फिटर, संध्याकाळी दुसऱ्या कारखान्यात जात असे. मोठा बोलघेवडा. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने छाती काढून खरं सांगितलं. आठवड्यात बाहेर.

तुझी आजी तशीच आहे. थंडीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासूनचं तिचं ते 'त, त' चालू आहे. पडून पडून झालेली पाठीवरची जखम थोडी सुकली. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर रोज सकाळी वर येऊन ड्रेसिंग करतात. त्यांचा हात हलका आहे, आजी कण्हत नाही. तुझ्या बापाची बोट कुठल्या समुद्रात आहे ते त्यालाच माहीत.

तू कोणाला सांगून गेलीस, कोणाची सही घेतलीस, ते सविस्तर लिही.

आजोबा


११ जुलै

आजोबा,

नमस्कार. अगदी वाकून केला आहे, समजून घ्या.

आधी तुमचा भुंगा. दोन्ही कॉलेजांचं आपसात ठरलेलं आहे. आमच्या प्राचार्यांनी परवानगी दिली, इथल्यांनी घेतलं. दर महिन्याला दोघं एकमेकांना कळवतात की ही मुलगी आहे, येते, पळालेली नाही. आपल्या कॉलेजची चाचणीसुद्धा मी इथेच बसून देणार. मी तुमचा जोडारी नाही, आजोबा. मला दोन्ही साहेबांनी पाठवलं आहे.

खोली तिघींत आहे. एक शेतीची, एक कायद्याची आणि मी. आम्हाला इथे 'बाहेरच्या' म्हणतात. इथल्या मुलींना पांढरे कोट मिळतात, आम्हाला गळ्यात अडकवायचं कार्ड. कायद्याची म्हणते, "आपण पाहुण्या आहोत. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा वाढून मागायचं नसतं." पण मी मागणार आहे. हे तुम्हाला समोर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पत्रात सांगते. सहा महिन्यांनी ज्या बाहेरच्या मुली चांगल्या ठरतील त्यांना इथेच पूर्ण शिक्षणाला घेतात. मला परत हिशेबाला जायचं नाही. मला हेच करायचं आहे, आजोबा. इतकं मला आजवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई उंच आहेत, काठी घेऊन चालतात आणि चूक झाली की काहीच बोलत नाहीत, नुसत्या बघतात. त्यापेक्षा रागावलेल्या परवडल्या. त्यांचा पहिला धडा तुमच्यासाठी: आजीला काही विचारलं की गप्प बसायचं. ती बोलेपर्यंत. तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही. दोन वस्तू दाखवून विचारायचं, हे की ते. आणि मोजायला लावायचं. झटका आलेल्या माणसाला नाव आठवत नाही, पण एक दोन तीन कधीकधी आपोआप येतं. तुम्ही 'एक, दोन' म्हणा आणि थांबा.

तुम्हाला थांबणं जमणार नाही हे मला माहीत आहे. तरी करा.

भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचलं. परत हिशेबाला जायचं नाही म्हणजे काय? हिशेबवाल्याला खुर्ची मिळते, पंखा मिळतो. झटका आलेल्या माणसांच्या तोंडासमोर बसून दिवस काढायचे, हे काय काम झालं? मी एका माणसासमोर बसतो तर माझा जीव अर्धा झाला आहे.

तरी तुझा धडा केला. आजीला कप आणि दुधाचा पेला दाखवला. म्हटलं, "चहा की दूध?" आणि थांबलो. ती बघत राहिली. मी थांबलो. चहावर साय धरली. शेवटी ती 'च' म्हणाली. मी पुढचं 'हा' म्हणून टाकलं. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की तुझ्या त्या काठीवाल्या बाईच आठवल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण आठवल्या.

दुसऱ्या दिवशी 'एक, दोन' म्हटलं आणि ओठ दाताखाली धरून बसलो. ती म्हणाली, "ती..." मी खाली जाऊन डॉक्टरांना सांगून आलो. ते म्हणाले, "अरे वा, नात हुशार आहे तुमची." चल, त्यांनी म्हटलं म्हणून मीही म्हणतो.

पण दुसरी गोष्ट ऐक. किराणावाल्याचा मुलगा तुझ्याच कॉलेजात आहे. तो म्हणाला, वर्गात न येणाऱ्यांची नावं कापायला घेतली आहेत. परवानगी दिल्याचा कागद तू डोळ्यांनी पाहिलास का? उलट टपाली कळव.

आजोबा


२ ऑगस्ट

चि. भिंगरी,

उत्तर नाही. खालच्या डॉक्टरांच्या सुनेला तुझ्या वसतिगृहात फोन करायला लावला, तर कोणी दुसरीच मुलगी बोलली. एवढंच कळलं की तुम्हाला सगळ्यांना कुठल्याशा लांबच्या रुग्णालयात शिकायला नेलं आहे आणि तिथे फोन ठेवून घेतात. मी किती दिवस हातावर हात ठेवून बसणार?

मीच तुझ्या कॉलेजात गेलो. डॉक्टरांची सून आजीजवळ बसली. ऑफिसच्या खिडकीवर नवीन माणूस होता, कोवळा, केसांना तेल लावलेला. त्याने तुझं नाव शोधलं आणि म्हणाला, "ही मुलगी सत्र सुरू झाल्यापासून आलेलीच नाही. नाव यादीत आहे, सोमवारी कापलं जाईल." परवानगीचं त्याच्याकडे काहीच नव्हतं. पण मी जन्मभर गेटवर उभा राहिलेला माणूस. अशा वेळी दुसऱ्या ठिकाणचं नाव तोंडातून काढायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक. म्हटलं, "साहेब, ती घरी आजारी आहे. कावीळ झाली आहे." तो म्हणाला, "मग डॉक्टरचा दाखला आणा, नाव राहील."

खालच्या डॉक्टरांनी आधी का-कू केली. मी म्हटलं, "पोरीचं वर्ष जाईल हो." तेव्हा लिहून दिला. त्याच दिवशी नेऊन दिला, शिक्का मारून घेतला. खिडकीवरचा म्हणाला, "आता काळजी नाही, चाचणीही माफ होते."

बघ, आजोबा अगदीच कामातून गेलेला नाही. आता तू निर्धास्त शिक. तिथे मात्र फार बोलू नकोस.

आजी तीनपर्यंत मोजते. चारला अडते.

आजोबा


६ ऑगस्ट

आजोबा, हे काय केलंत?

काल रुग्णालयातून परत आलो आणि तुमचं पत्र हातात पडलं. मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग जमिनीवर बसले.

परवानगीचा कागद प्राचार्यांच्या ऑफिसात आहे. खिडकीपर्यंत तो पोचलेला नव्हता, एवढीच गोष्ट होती. तुम्ही 'ती परगावच्या कॉलेजात आहे' असं म्हटलं असतंत तर तो उठून आत गेला असता आणि कागद घेऊन आला असता. आता तिथल्या नोंदीत मी कावीळ होऊन घरी पडलेली आहे आणि इथल्या नोंदीत रोज हजर आहे. महिन्याअखेर दोघं एकमेकांना कळवणार. वर चाचणी माफ! त्यांना वाटेल मी चाचणी चुकवायला खोटा दाखला दिला. आमच्या नियमात स्पष्ट आहे, कुठल्याही कॉलेजला खोटा कागद दिला तर नाव काढून टाकतात. इथूनही आणि पुढच्या प्रवेशातूनही.

मी खिडकीवर फोन केला. तो म्हणतो, ज्याने दाखला दिला त्यानेच येऊन लेखी परत घ्यायचा. मी आले तर इथली हजेरी तुटते. तुम्ही उद्याच्या उद्या जा. सरळ सांगा की माझी चूक झाली, मुलगी आजारी नव्हती. अजून महिना संपलेला नाही. अजून निस्तरता येईल.

आजोबा, तुमच्या पाया पडते. काही जास्तीचं डोकं लढवू नका.

भिंगरी


१४ ऑगस्ट

चि. भिंगरी,

गेलो होतो. तुझ्या सांगण्याप्रमाणेच करणार होतो, देवाशपथ. पण निघताना डॉक्टरांना सांगावं म्हणून त्यांचं दार वाजवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "दाखला खोटा होता असं तुम्ही लिहून दिलंत तर माझा परवाना जाईल. या वयात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुमच्या बायकोची जखम मी आईची समजून धुतो, आणि तुम्ही हे करणार?" त्यांची सून पदराआड रडत होती. मी काय करू, सांग.

मग मला वाटेत सुचलं. खोटं होतं असं म्हणायचंच कशाला? खिडकीवर जाऊन म्हटलं, "मुलगी बरी झाली. चाचणी देणार आहे, माफी नको." झालं! त्याने बरी झाल्याचा दाखला मागितला, तो डॉक्टरांनी आनंदाने दिला. आता आजारही नाही आणि माफीही नाही. कोणाचं नाव खराब नाही.

आजीने काल चारही म्हटलं. मी थांबलो होतो.

आजोबा


२७ ऑगस्ट

भिंगरीच्या आजोबांस,

नमस्कार. मी तिला शिकवते. आपली ओळख नाही, पण तुमच्याबद्दल आणि तिच्या आजींबद्दल ती वर्गात इतकं बोलते की आपण परके आहोत असं मला वाटत नाही.

तिच्या कॉलेजकडून आम्हाला कळवण्यात आलं की ती काविळीने घरी होती, पुढे बरी झाली आणि तरीही तिथे वर्गात आलेली नाही. आमच्याकडे ती सगळे दिवस हजर आहे. तिला आम्ही बोलावून विचारलं. ती म्हणाली की चाचणीची भीती वाटली म्हणून तिनेच तुम्हाला खोटे दाखले आणायला लावले.

माझा यावर विश्वास नाही. रुग्णांसमोर ती ज्या सबुरीने बसते, तशी मुलगी चाचणीला घाबरून असं करणार नाही. बाहेरच्या विभागांतून आलेल्यांपैकी या वर्षी कोणाला पुढे घ्यायचं असं मला विचारलं, तर मी पहिलं तिचं नाव सांगीन.

याची चौकशी करणाऱ्या समितीची बैठक सोळा सप्टेंबरला आहे. खरं काय घडलं ते तुम्ही सहीनिशी दोन ओळींत लिहिलंत तर मी ते समितीपुढे ठेवीन. त्याशिवाय माझ्या म्हणण्याला वजन नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना त्याचा त्रास होऊ शकतो, हे लपवत नाही.

आपली वाट पाहते.


२८ ऑगस्ट

आजोबा,

बाई तुम्हाला पत्र लिहिणार आहेत, कदाचित पोचलंही असेल. त्यांना उत्तर देऊ नका.

मी सांगून टाकलं आहे की मीच तुम्हाला दाखला आणायला लावला. तुम्ही खरं लिहिलंत तर डॉक्टर अडकतील. मग आजीची जखम रोज कोण धुणार? तुमचे हात थरथरतात. बाबा बोटीवर. पैसे देऊन माणूस आणला तरी आजी कोणाला हात लावू देत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, दुसरी वाट दिसत नाही.

माझं काय व्हायचं ते होईल. बाई माझ्या बाजूने आहेत. तुम्ही लिहू नका.

आजीला पाचपर्यंत न्या. घाई करू नका.

भिंगरी


५ सप्टेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. बाईंचं पत्र आल्यापासून मी कागद पुढे घेऊन बसत होतो. दोन ओळी लिहायला काय लागतं? पण पेन टेकवलं की डॉक्टरांचा तो पांढरा चेहरा समोर येई आणि पलीकडे आजी कुशीवर पडलेली दिसे. तू मोकळं केलंस. एवढीशी पोर, पण समज केवढी! मी डॉक्टरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा येतात.

बाईंना मी एक साधं पत्र पाठवलं आहे. त्यात म्हटलं की आपण मुलीवर माया करता, आम्ही ऋणी आहोत, मुलीला सांभाळून घ्या. बाकी काही लिहिलं नाही. तू म्हणालीस तसंच केलं.

मला वाटतं समितीचे लोकही लेकीबाळी असलेले असतील. समज देतील आणि सोडतील. गेटवरसुद्धा पहिल्या चुकीला आम्ही नुसती लाल शाई मारत होतो.

निकाल कळव.

आजोबा


१९ सप्टेंबर

आजोबा,

निकाल लागला. माझं नाव इथून काढलं. पुढच्या प्रवेशासाठीही अर्ज करता येणार नाही. आपल्या कॉलेजनेही वर्षभर बाहेर ठेवलं आहे. समितीने लाल शाई वापरली नाही.

मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. आत चर्चा चालली होती. बाई काठी टेकत बाहेर आल्या आणि शिपायाला विचारलं, "आजचं टपाल आलं का?" पुन्हा आत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या. मी त्यांना सांगत होते की कोणाचं पत्र येणार नाही, मीच नको म्हटलं आहे. त्या म्हणाल्या, "तू नको म्हटलंस म्हणून काय झालं? ते तुझे आजोबा आहेत." मग टपालाच्या गठ्ठ्यात मागे राहिलेलं तुमचं ते मायेचं पत्र निघालं. बाईंनी उभ्याने वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

आजोबा, मी लिहू नका म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं. पण त्या बाकावर बसल्यावर मला कळलं की मी पण टपालाचीच वाट पाहत होते. मला वाटत होतं, मी कितीही नको म्हटलं तरी तुम्ही लिहाल. तुम्ही खरंच लिहिलं नाहीत.

कायद्याच्या मुलीच्या ओळखीने एका गोदामात काम मिळालं आहे. आलेल्या खोक्यांची नोंद करायची. खुर्ची आहे, पंखा आहे. सध्या घरी येत नाही. तुमच्यासमोर बसून मला काही बोलता येणार नाही.

आजीचे पुढचे धडे मला माहीत नाहीत. ते वर्गात पुढे व्हायचे होते.

भिंगरी


१० ऑक्टोबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी चप्पल न घालताच जिना उतरलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तसाच गेलो. कॉलेजात खिडकीवरच्या त्या मुलाला सांगितलं, "ती आजारी नव्हती. मी खोटं बोललो. तिने काही सांगितलं नव्हतं. लिहून घ्या, सही करतो." तो म्हणाला, "आजोबा, प्रकरण बंद झालं. आता याचा काय उपयोग?" मी म्हटलं, "तरी घ्या." त्याने घेतलं. वाचलं. मग विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" मागे मुलांची रांग होती, सगळी ऐकत होती. मी खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो. मला उत्तर आलं नाही. तो गप्प राहिला, मी बोलेपर्यंत थांबला. तरी आलं नाही.

बाईंनाही सगळं लिहून पाठवलं, डॉक्टरांच्या नावासकट. त्यांचं उत्तर आलं. पत्र पोचलं, एवढंच आहे त्यात.

परवा डॉक्टरांना चौकशीचा कागद आला. ते वर आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "सगळं होऊन गेल्यावर कशाला केलंत हे? आता ना तुमच्या पोरीचं भलं झालं, ना माझं." बरोबरच आहे त्यांचं. कालपासून ते येत नाहीत. त्यांच्या सुनेने कापूस आणि मलमाची डबी दारात ठेवली आणि न बोलता खाली गेली.

आज सकाळी मी स्वतः जखम धुवायला बसलो. हात थरथरतो, चिमटा दोनदा जखमेला लागला. आजी ओरडली. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि मी एक दोन म्हणत राहिलो तरी फिरवलं नाही. उद्या पुन्हा धुवायची आहे. परवाही.

तुला बोलवायला मला तोंड नाही. तू ये असं मी लिहीत नाही.

आजोबा